महामारीच्या काळातला शहर कला महोत्सव: परिणामाचं मूल्यमापन क्रमाने कसं करायचं

साथीच्या काळात भरवलेल्या महोत्सवांच्या अहवालात एक वाक्य हमखास असतं: ‘बिकट परिस्थितीतही रसिकांचा उदंड प्रतिसाद लाभला.’ त्याखाली ऑनलाइन व्ह्यूंचा भलामोठा आकडा, मास्क लावलेल्या प्रेक्षकांची छायाचित्रं आणि प्रायोजकांचे आभार. पैसे देणाऱ्या महापालिकेला यातून काहीच ठरवता येत नाही. आपल्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग करू द्यावं की नाही, हे कलाकाराला कळत नाही. पुन्हा साथ आली तर महोत्सव भरवायचा, ऑनलाइन न्यायचा की पुढे ढकलायचा, हा प्रश्न होता तिथेच राहतो.

चूक बहुतेक वेळा गणितात नसते, क्रमात असते. आधी मिळेल ती माहिती गोळा होते. आकडे हातात आल्यावर ते कशाशी ताडायचे याचा विचार सुरू होतो, आणि मग जी तुलना चांगली दिसते ती निवडली जाते. नेहमीच्या वर्षी यातून थोडी अतिशयोक्ती होते. साथीच्या वर्षी मात्र नेहमीच्या सगळ्या तुलना मोडलेल्या असतात, त्यामुळे अख्खा अहवालच निरुपयोगी ठरतो. खालच्या टप्प्यांपैकी २ आणि ३ सगळ्यांत कंटाळवाणे वाटतील. वेळ तिथेच द्या.

## तयारी: महोत्सवाच्या किमान दोन महिने आधी

मूल्यमापन ही महोत्सव संपल्यावर सुरू करायची गोष्ट नाही. पडदा पडल्यावर प्रश्नावली लिहायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं. आधी पुढच्या चार गोष्टी हातात हव्यात.

पहिली, एक जबाबदार माणूस. तो आयोजकांपैकी असला तरी चालेल, पण तिकीटविक्री किंवा प्रसिद्धी सांभाळणारा नको. ज्याच्या कामाचं यश मोजायचं आहे त्यालाच फूटपट्टी द्यायची नाही.

दुसरी, तिकीट विकणाऱ्या कंपनीशी लेखी करार. खरेदीची तारीख, तिकिटांची संख्या, पिनकोड आणि रद्द झालेली तिकिटं ही माहिती आयोजकांना मिळेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. हे कलम नसेल तर माहिती कंपनीकडेच राहते आणि नंतर कितीही विनवण्या केल्या तरी हाती येत नाही.

तिसरी, संमती. तिकीट घेतानाच ‘महोत्सवाबद्दल प्रश्न विचारण्यासाठी संपर्क केला तर चालेल का?’ असा एक स्वतंत्र चौकोन ठेवा. तो आधीच टिक केलेला नसावा.

चौथी, मागच्या दोन-तीन वर्षांचे मूळ आकडे. अहवालात छापलेले गोल आकडे कामाचे नाहीत, तिकीट खिडकीच्या मूळ नोंदी लागतात.

सावधान: संसर्ग झाल्यास शोध घेता यावा म्हणून प्रवेशद्वारावर नाव आणि फोन लिहून घेतला जातो. ती यादी प्रश्नावलीसाठी वापरू नका. लोकांनी ती माहिती आरोग्याच्या कारणासाठी दिलेली असते. ती दुसऱ्या कामाला वापरली तर पुढच्या वेळी लोक खोटे नंबर देतील, आणि त्याचं नुकसान तुमच्या अहवालापेक्षा कितीतरी मोठं असेल.

## टप्पा १: कोणता निर्णय अवलंबून आहे ते लिहा

एका कागदावर तीन वाक्यं लिहा. हा अहवाल कोण वाचणार, तो वाचून ते काय ठरवणार, आणि कोणता आकडा आला तर त्यांचा निर्णय बदलेल. तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर त्या विषयाची माहिती गोळा करू नका.

मग महोत्सवाचे दावे लिहा, शक्यतो पाचच्या आत. ‘शहराचं सांस्कृतिक जीवन समृद्ध होईल’ हा दावा नव्हे, ते तपासता येत नाही. ‘साथीमुळे काम थांबलेल्या स्थानिक रंगकर्मींना या महिन्यात मोबदला असलेलं काम मिळेल’ हा दावा आहे, कारण तो खोटा ठरू शकतो. कागदावर तारीख घाला आणि तो पैसे देणाऱ्या संस्थेकडे जमा करा. नंतर गोलपोस्ट हलवता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

## टप्पा २: तुलना कशाशी, हे आधीच ठरवा

‘मागच्या वर्षीच्या तुलनेत प्रेक्षक साठ टक्क्यांनी घटले’ आणि ‘परवानगी असलेल्या खुर्च्यांपैकी नव्वद टक्के भरल्या’ ही दोन्ही विधानं एकाच महोत्सवाबद्दल खरी असू शकतात. पहिलं वाचून प्रायोजक पळतो, दुसरं वाचून आयोजकाचा सत्कार होतो. कोणतं वाक्य लिहायचं हे आकडे आल्यावर ठरवणारा माणूस मूल्यमापन करत नाही, तो वकिली करतो.

खरा प्रश्न असा: हा महोत्सव या स्वरूपात झाला नसता तर काय झालं असतं? साथीच्या काळात त्याची किमान तीन उत्तरं संभवतात.

१. काहीच झालं नसतं. महोत्सव सरळ रद्द झाला असता. स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये १ एप्रिल २०२० रोजी ऑगस्टमधले पाचही मोठे महोत्सव रद्द झाल्याचं जाहीर झालं. १९४७ पासून असं कधीच झालं नव्हतं. म्हणजे रद्द होणं ही कागदावरची शक्यता नव्हती. त्या वर्षी कितीतरी शहरांसाठी तेच वास्तव होतं.

२. महोत्सव पुढे गेला असता. युरोपीय संघ दरवर्षी काही शहरांना ‘युरोपीय सांस्कृतिक राजधानी’ हा मान देतो. २०२० साठी तो मिळालेल्या गॉलवे (आयर्लंड) आणि रियेका (क्रोएशिया) या शहरांना एप्रिल २०२१ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. अशा ठिकाणी ‘२०२० मध्ये प्रेक्षक किती आले’ हा आकडाच अर्धवट ठरतो, कारण मोजायचा काळच बदललेला असतो.

३. लहान, ऑनलाइन किंवा मिश्र स्वरूपात झाला असता.

यातली एक मुख्य तुलना निवडा, दुसरी जोडीला ठेवा, आणि निवडीचं कारण लिहा. माझ्या मते बहुतेक शहरांसाठी ‘रद्द झाला असता तर’ ही मुख्य आणि ‘साथ नसलेलं शेवटचं वर्ष’ ही जोडीची तुलना योग्य. मागच्या वर्षाशी थेट तुलना बहुधा कुठेच नको: मागचं वर्षही साथीचंच असेल तर वाढ फुगून दिसते, नसेल तर घट.

तपासा: तुम्ही निवडलेली तुलना महोत्सवाच्या विरोधकालाही रास्त वाटेल का? एखाद्या टीकाकाराला बोलावून ती दाखवा. हे महोत्सवाआधी करायचं आहे.

## टप्पा ३: निर्बंधांची नोंदवही

साथीच्या काळात नियम आठवड्यागणिक, कधी दिवसागणिक बदलतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये २०२१ चा फ्रिंज हा कला महोत्सव ऐन भरात असताना ३१ जानेवारीच्या संध्याकाळी पाच दिवसांचा लॉकडाऊन लागला. अशा महोत्सवाची सरासरी उपस्थिती काढली तर ती कोणत्याच दिवसाबद्दल खरं सांगत नाही.

म्हणून रोज एक ओळ लिहायची. रकाने असे:

तारीख | प्रयोग आणि जागा | मूळ आसनक्षमता | त्या दिवशी परवानगी असलेल्या जागा | विकलेली तिकिटं | प्रत्यक्ष आलेले | रद्द किंवा परतावा | त्या दिवशीचे निर्बंध | शेरा

एक भरलेली ओळ कशी दिसते पाहा, आकडे कल्पित आहेत: ‘शनिवार, संध्याकाळचा नाट्यप्रयोग, मोठं सभागृह, ६००, ३००, २८८, २२१, ४०, एक आड एक खुर्ची आणि रात्री दहानंतर संचारबंदी, कलाकाराच्या घरी संसर्ग झाल्याने पात्रबदल, आदल्या रात्री नवा आदेश.’

या एका ओळीत किती काही आहे! तिकीटविक्री परवानगीच्या ९६ टक्के आहे, म्हणजे मागणी होती. आले मात्र २२१. चाळीस जणांनी परतावा घेतला, आणि उरलेले २७ जण न कळवता आलेच नाहीत. हे २७ जण महत्त्वाचे आहेत. घाबरले? आजारी पडले? दहाच्या आत घरी पोहोचता येणार नाही असं वाटलं? त्यांना फोन करून विचारलं तर कळतं, आणि त्या उत्तरावरून पुढच्या वेळी प्रयोगाची वेळ बदलता येते. प्रेक्षकसंख्येच्या एकट्या आकड्यातून हे कधीच हाती आलं नसतं.

ही वही रोज रात्री भरा. आठवड्याने आठवून भरलेल्या वहीत निर्बंधांच्या तारखा हटकून चुकतात.

## टप्पा ४: माणसं मोजणं

### प्रत्यक्ष प्रेक्षक

प्रत्येक प्रयोगासाठी दोन टक्केवाऱ्या काढा: मूळ आसनक्षमतेच्या तुलनेत आणि परवानगी असलेल्या जागांच्या तुलनेत. दोन्ही शेजारीशेजारी छापा. एकच छापायचा मोह होईल, तो टाळा.

‘भेटी’ आणि ‘माणसं’ यांची गल्लत ही दुसरी जुनी चूक. एकच रसिक चार कार्यक्रमांना गेला तर भेटी चार झाल्या, माणूस एकच. ‘या महोत्सवात तुम्ही एकूण किती कार्यक्रम पाहिले?’ हा प्रश्न विचारा आणि भेटींना सरासरीने भागा. एक बारकावा लक्षात ठेवा. चार कार्यक्रम पाहणारा माणूस तुमच्या स्वयंसेवकाला भेटण्याची शक्यता एक कार्यक्रम पाहणाऱ्याच्या चौपट असते, त्यामुळे साधी सरासरी फुगते. त्यासाठी प्रत्येक उत्तराला ‘एक भागिले पाहिलेले कार्यक्रम’ असं वजन द्या.

रस्त्यावरच्या, बिनतिकिटाच्या कार्यक्रमात गर्दीचा अंदाज पोलिसांकडून किंवा आयोजकांकडून घेऊ नका. मोकळ्या जागेचे समान चौकोन पाडा, काही चौकोनांतली माणसं दर अर्ध्या तासाने मोजा आणि गुणाकार करा. लोक सरासरी किती वेळ थांबतात हेही विचारा, नाहीतर तोच माणूस दोनदा मोजला जातो.

### ऑनलाइन प्रेक्षक

साथीच्या अहवालांत सगळ्यांत जास्त फुगवलेला आकडा हाच. व्ह्यू म्हणजे प्रेक्षक नव्हे. कोविडच्या काळात फेसबुकवर तीन सेकंद पाहिलं तरी व्हिडिओचा एक व्ह्यू धरला जात होता. प्रत्येक मंचाची मोजण्याची रीत वेगळी असते, म्हणून दोन मंचांचे व्ह्यू कधीही बेरजेत घेऊ नका.

त्याऐवजी एकूण पाहिलेला वेळ घ्या. समजा तासाभराच्या मैफिलीला ९,००० व्ह्यू आहेत आणि पाहिलेला एकूण वेळ ६०० तास. म्हणजे सरासरी चार मिनिटं. पूर्ण मैफिलीच्या हिशेबाने हे ६०० जणांनी ऐकण्याइतकं झालं. अहवालात हा ६०० चा आकडा ठळक छापा आणि ९,००० तळटिपेत जाऊ द्या. ६०० हा आकडा लाजिरवाणा नाही. अनेक सभागृहांत तेवढ्या खुर्च्याही नसतात.

एका पडद्यासमोर किती माणसं होती, हे विचारल्याशिवाय दोनाने किंवा तिनाने गुणू नका. आणि पाहणारे कुठले आहेत ते नक्की नोंदवा. परदेशातून पाहणारा रसिक महोत्सवाच्या पोहोचीत धरायचा, शहराच्या अर्थव्यवस्थेत नाही.

तपासा: थेट प्रक्षेपण आणि नंतर राहिलेलं रेकॉर्डिंग यांचे आकडे वेगळे ठेवले आहेत का? मोजणी बंद करण्याची तारीख ठरवली आहे का?

## टप्पा ५: प्रश्नावली आणि नमुना

कागद आणि पेन हातात देणं साथीत शक्य नसतं. क्यूआर कोड, ईमेल आणि फोन हे तीन मार्ग उरतात, आणि तिघांनाही वेगवेगळी माणसं उत्तर देतात. क्यूआर कोड तरुण आणि खूश प्रेक्षक उघडतात. ईमेल ज्याने तिकीट काढलं त्यालाच जातो, त्याच्यासोबत आलेल्या आईला नाही. फोन महाग पडतो, पण वयस्कर आणि न आलेली माणसं त्यावरच सापडतात. माझा आग्रह असा की पैसे कमी असले तर ईमेल सगळ्यांना पाठवा आणि उरलेले सगळे पैसे थोड्याच पण नीट निवडलेल्या फोनवर खर्च करा. भिंतीवर क्यूआर कोड चिकटवून काम भागवू नका.

नमुना किती मोठा हवा? योगायोगाने निवडलेल्या १०० उत्तरांत टक्केवारी साधारण १० टक्के-गुण इकडे-तिकडे असू शकते, ४०० उत्तरांत ५, आणि १,००० उत्तरांत ३. पण ही चूक फक्त निवडीतल्या योगायोगाची. ज्यांना आवडलं नाही त्यांनी उत्तरच दिलं नसेल तर दहा हजार उत्तरंही तेवढीच एकांगी.

म्हणून प्रत्येक अहवालात दोन आकडे हवेतच: किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं. त्यानंतर उत्तर देणाऱ्यांचं वय आणि पिनकोड तिकीटविक्रीच्या नोंदींशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर उत्तरांना वजन द्या, म्हणजे ज्या गटाची उत्तरं कमी आली त्याचं प्रत्येक उत्तर जास्त धरा, आणि तसं लिहा.

प्रश्न दहा-बाराच्या वर नेऊ नका. हे पाच मात्र सोडू नका:

- हा कार्यक्रम फक्त ऑनलाइन असता तर पाहिला असता का? फक्त प्रत्यक्ष असता तर येता आलं असतं का?
- महोत्सव नसता तर तो वेळ कसा घालवला असता?
- शहराबाहेरून आला असाल तर येण्याचं मुख्य कारण काय होतं?
- यायचं ठरवूनही न गेलेला एखादा कार्यक्रम होता का? का नाही गेलात?
- सुरक्षिततेच्या कोणत्या गोष्टीने यावंसं वाटलं, कोणत्या गोष्टीने नको वाटलं?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात अपंग, वृद्ध आणि लहान मुलं असलेले पालक दिसू लागतात. ज्यांना एरवी सभागृहापर्यंत पोहोचता येत नव्हतं, त्यांना साथीच्या निमित्ताने दार उघडलं गेलं. निर्बंध उठल्यावर ते दार पुन्हा लावायचं का, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्याला पुरावा इथेच मिळतो. त्याचबरोबर ज्यांच्याकडे स्मार्टफोन किंवा पुरेसा डेटा नाही ते ऑनलाइनमुळे बाहेर राहिले, तेही मोजा. त्यांना ऑनलाइन फॉर्मवर गाठता येत नाही, हे सांगायला नको.

सावधान: उत्तर देणाऱ्याच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असू शकतो. ‘महोत्सवाने तुमचं दुःख हलकं केलं का?’ असे प्रश्न घालू नका. प्रत्येक प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा.

## टप्पा ६: पैशाचा हिशेब

इथे घाई केली की आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. क्रम असा ठेवा.

(क) नवा पैसा वेगळा काढा. समजा १,००० प्रेक्षक आले. त्यात ७०० शहरातले. त्यांनी महोत्सवात खर्च केलेले पैसे एरवी शहरातच दुसरीकडे खर्च झाले असते, म्हणून ते वगळा. ३०० बाहेरचे उरले. त्यातले ९० दुसऱ्याच कामासाठी आले होते आणि जाता जाता कार्यक्रम पाहिला. आणखी ६० येणारच होते, फक्त महोत्सवाच्या तारखा पाहून आले. दोन्ही वगळा. उरले १५०. शहराच्या दृष्टीने नवा पैसा फक्त यांचा, म्हणजे हजारातल्या १५ टक्क्यांचा.

साथीत एक नवी पळवाट निघते. ‘स्थानिक लोक एरवी सुट्टीला बाहेरगावी गेले असते, ते महोत्सवामुळे शहरात थांबले, म्हणून त्यांचाही खर्च धरा.’ प्रवासबंदी असेल तर ते निर्बंधांमुळे थांबले, महोत्सवामुळे नाही. प्रवास खुला असूनही ते महोत्सवासाठी थांबले असतील तरच धरा, आणि तेही त्यांनी स्वतः सांगितलं असेल तर.

(ख) विस्थापन तपासा. हॉटेलांना निम्म्या क्षमतेची मर्यादा असेल आणि तेवढी टेबलं शनिवारी तशीही भरत असतील, तर महोत्सवाच्या पाहुण्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाची जागा घेतली. हॉटेलाला नवं काहीच मिळालं नाही. हे साथीतच जास्त घडतं आणि जवळजवळ कोणीच तपासत नाही. पाच-सहा व्यावसायिकांना सरळ विचारा: महोत्सवाच्या दिवसांत किती गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली?

(ग) गळती वजा करा. ध्वनियंत्रणा, तंबू, थेट प्रक्षेपणाची कंपनी बाहेरगावची असेल तर तो पैसा शहरात थांबत नाही.

(घ) मदतीचा निधी. साथीसाठी मिळालेलं विशेष अनुदान महोत्सव नसता तरी शहरातल्याच दुसऱ्या कलासंस्थेला मिळालं असतं का? मिळालं असतं तर तो महोत्सवाने आणलेला पैसा नाही.

(च) खर्चाची बाजू. निर्जंतुकीकरण, जादा कर्मचारी, परतावे, रद्द झालेल्या प्रयोगांचं भाडं, स्वयंसेवकांचा वेळ. हे सगळं शेजारच्या रकान्यात मांडा.

गुणक हा सगळ्यांत शेवटी, आणि वापरलाच पाहिजे असं नाही. एका रुपयाचे शहरात फिरून किती रुपये होतात हे सांगणारा गुणक साधारण काळातल्या व्यवहारांवरून काढलेला असतो. अर्धी दुकानं बंद असताना पैसा तसा फिरत नाही. साथीतल्या अहवालात थेट नवा खर्च सांगून थांबणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तपासा: तुमच्या हिशेबात खर्च आणि परिणाम एकमेकांत मिसळले आहेत का? महोत्सवावर जेवढा पैसा खर्च झाला तोच ‘परिणाम’ म्हणून मोजलेला अनेकदा सापडतो.

## टप्पा ७: कलाकार आणि पडद्यामागची माणसं

युनेस्कोच्या अंदाजानुसार एकट्या २०२० मध्ये जगभरात सांस्कृतिक आणि सर्जनशील क्षेत्रातल्या एक कोटी नोकऱ्या गेल्या. महोत्सव भरवण्याचं सगळ्यांत मोठं समर्थन ‘कलाकारांना काम मिळालं’ हेच असतं, आणि तरीही अहवालात या भागाला सहसा एक परिच्छेद आणि दोन अवतरणं मिळतात. याला पूर्ण प्रकरण द्या.

प्रत्येकासाठी नोंदवायचं ते असं: करार झाला त्या दिवशी ठरलेलं मानधन, प्रत्यक्ष मिळालेलं मानधन, मिळाल्याची तारीख, तालमींचे दिवस आणि त्यांचा मोबदला मिळाला का, प्रयोग रद्द झाला तर किती टक्के दिले, रेकॉर्डिंगचे हक्क किती काळासाठी आणि कोणाकडे गेले. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा आणि सामान वाहणारे यांचीही हीच नोंद हवी. साथीत पहिली कात्री यांच्याच दिवसांवर लागते.

मग मानधन भागिले एकूण दिवस करून पाहा. ऑनलाइन प्रयोगासाठी घरी कॅमेरा लावणं, दिवे उसने आणणं, चित्रीकरण पुन्हा पुन्हा करणं यांत गेलेले दिवस धरले की रोजचा मोबदला धाडकन खाली येतो. हा आकडा आयोजकांना बोचेल, पण पुढच्या वर्षीचं मानधन ठरवताना तोच उपयोगी पडतो.

विचारायचं तीनदा: करार करताना, प्रयोगानंतर महिन्याभरात, आणि सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनीच कळतं की पुढचं काम मिळालं का, की माणसाने क्षेत्रच सोडलं. प्रतिक्रिया नावाशिवाय घ्या आणि त्या त्रयस्थ माणसाने घ्याव्यात. ज्याच्याकडून पुढचं काम हवं आहे त्याच्या तोंडावर कोणी तक्रार करत नाही.

अर्ज करून न निवडलेल्या कलाकारांनाही तेच प्रश्न पाठवा. निवडलेल्यांची सहा महिन्यांनंतरची स्थिती यांच्याशी ताडली तरच महोत्सवाचा हातभार दिसतो. दोन्ही गट मुळात सारखे नसतात, हे लिहून ठेवा.

## टप्पा ८: मनावरचा परिणाम

‘महोत्सवामुळे बरं वाटलं का?’ असं विचारलं की लोक हो म्हणतात. शिष्टाचार म्हणूनही म्हणतात. त्याऐवजी आधीच तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या वापरा. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाचे समाधान, जगण्यातला अर्थ, आनंद आणि चिंता यांविषयीचे ० ते १० मापावरचे चार प्रश्न आहेत, एकटेपणासाठी तीन प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी आहे. प्रश्नांचा अनुवाद करून आधी दहा-बारा जणांवर पारखून घ्या.

महोत्सवाआधी आणि नंतर विचारा, आणि न आलेल्यांच्या गटालाही विचारा. कारण दोन मोजणींच्या मध्ये निर्बंध सैल झाले तर सगळ्या शहराचंच मन हलकं होतं. समजा प्रेक्षकांचं समाधान ५.८ वरून ६.९ झालं, म्हणजे १.१ ने वाढलं. न आलेल्यांचं ५.९ वरून ६.७, म्हणजे ०.८ ने. महोत्सवाच्या नावावर जास्तीत जास्त ०.३ येतो. तोही नक्की त्याच्यामुळेच असं नाही, ‘जास्तीत जास्त’ हा शब्द गाळू नका.

## टप्पा ९: आरोग्य

‘महोत्सवामुळे एकही संसर्ग झाला नाही’ हे वाक्य लिहू नका. ते सिद्ध करायला लागणारी व्यवस्था तुमच्याकडे नसते.

अशी व्यवस्था काय असते याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण. बार्सिलोनात २७ मार्च २०२१ रोजी सुमारे ५,००० प्रेक्षकांची मैफल झाली. त्याच दिवशी सगळ्यांची प्रतिजन (अँटिजेन) चाचणी, सर्वांना चांगल्या प्रतीचे मास्क, आणि नंतर आरोग्य खात्याकडच्या नोंदी पाहण्याची प्रेक्षकांची संमती. पुढच्या चौदा दिवसांत सहा जण बाधित आढळले, आणि त्यातल्या चौघांना संसर्ग दुसरीकडे झाल्याचं तपासात दिसलं. एवढी यंत्रणा होती म्हणून सहा आणि चार यांतला फरक करता आला. त्याच वसंतात इंग्लंडमध्ये झालेल्या प्रायोगिक कार्यक्रमांत नंतरच्या चाचण्या करून पाठवणारे फार थोडे निघाले, आणि संसर्गाबद्दल ठाम काही म्हणणं अवघड झालं.

तुम्ही जे खरोखर मोजू शकता ते मोजा: मास्क नीट लावलेल्यांचं प्रमाण, मध्यंतरात दाराशी होणारी दाटी, हात धुण्याची सोय, आणि बंद सभागृहातला कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले ४०० भाग) थोडा वर असतो. सभागृहात ८०० च्या खाली असेल तर हवा चांगली खेळते आहे, सतत १,५०० च्या वर असेल तर वायुवीजन कमी पडतं आहे. मीटर प्रेक्षकांच्या मध्ये ठेवा. दाराशी किंवा पंख्याखाली ठेवलेला मीटर चांगलेच आकडे दाखवतो.

## टप्पा १०: अहवाल लिहिणं

पहिल्या पानावर टप्पा १ मधले दावे जसेच्या तसे छापा आणि प्रत्येकापुढे चारपैकी एक शेरा द्या: खरा ठरला, अंशतः, खोटा ठरला, मोजता आलं नाही. दुसऱ्या पानावर टप्पा २ मधली तुलना आणि तिचं कारण. मग बाकी सगळं.

प्रत्येक मोठ्या आकड्याला खालची आणि वरची मर्यादा द्या. ‘साथीमुळे घडलं’ आणि ‘महोत्सवामुळे घडलं’ यांची सरमिसळ झालेली वाक्यं शोधून काढा. त्यासाठी निर्बंधांची नोंदवही शेजारी उघडी ठेवून अहवाल वाचायचा आणि प्रत्येक चढ-उताराला त्या तारखेला काय नियम होते ते पाहायचं. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या कलाकारांना आणि व्यावसायिकांना मसुदा आधी दाखवा. त्यांच्या दुरुस्त्यांसाठी दोन आठवडे लागतात, ते वेळापत्रकात आधीच धरा.

नोंदवही, प्रश्नावली आणि नावं काढून टाकलेली उत्तरं अहवालासोबत महापालिकेकडे जमा करा. प्रेक्षकांचे फोन नंबर आणि ईमेल कोणत्या तारखेला पुसायचे आणि कोण पुसणार, हे शेवटच्या पानावर लिहा. सहा महिन्यांनंतरची कलाकारांची फेरी व्हायची असते, म्हणून त्यांचे संपर्क तेवढे ठेवा. त्या फेरीचे निष्कर्ष पुरवणी म्हणून त्याच अहवालाला जोडायचे आहेत, वेगळा अहवाल काढला तर तो कोणी उघडत नाही.